घोरपडीची कपार

कोंडाण्याचा कडा म्हटला कीं मराठी मनाला प्रथम तानाजी आठवतो आणि त्याच्या मागोमाग यशवंती. शेलारमामा, उदेभान आणि कमरेला दोर बांधलेली ती घोरपड यांवांचून ही कथा कोणीं सांगितली तर ऐकणाराला ती अपुरी वाटते. परंतु हा प्राणी डोंगरांत राहतो कोठें, तेथेंच कां राहतो आणि त्याच्या अंगीं खरोखर कोणतें सामर्थ्य आहे, याचा विचार कथा सांगणारांनीं क्वचितच केलेला दिसतो. तो केल्यास इतिहासांतील एक-दोन गांठी सैल होतात, असें आम्हांस वाटतें.

सह्याद्रीचा खडक लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेला आहे. कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, कठीण थर पुढें डोकावत राहतो, आणि दोहोंच्या सांध्यांत आडव्या कपारी पडतात. घोरपडीला अशी कपार प्रिय. पण वाटेल ती नव्हे. आपलें चपटें अंग जेमतेम मावेल एवढीच भेग ती पसंत करते. चाहूल लागतांच ती आंत शिरते, फुप्फुसांत हवा भरून अंग फुगविते आणि नखें दगडांत रोवते. मग शेपूट धरून कितीही ओढा, ती सहसा बाहेर येत नाहीं. रुंद भेगेंत हा बचाव चालत नाहीं, म्हणून प्रशस्त घर तिच्या उपयोगाचें नसतें.

दुसरी गरज उन्हाची. तिच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. ती सूर्याकडून उसनी घ्यावी लागते. सकाळीं ती तापलेल्या दगडावर पसरून पडते आणि अंग पुरेसें ऊन झाल्यावरच किडे, भुंगेरे, अंडीं, उंदीर यांच्या शोधास निघते. भर दुपारीं पुन्हां सावली हवी. तिसरी गरज अंडीं घालण्यास भुसभुशीत मातीची. ती बहुधा जमिनींत बीळ खणून किंवा वारुळांत अंडीं घालते. तेव्हां कडा किती उंच याला तिच्या लेखीं फारसें महत्त्व नाहीं. कपार, ऊन आणि वारूळ हीं तिन्ही एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर असलीं म्हणजे तिचा संसार थाटतो. वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें 1994 सालीं या एकाच जातीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, यावरून विषयाची खोली ध्यानांत यावी. गोमंतकांतील जांभ्याचे सच्छिद्र सडे आणि चुन्यावांचून रचलेले जुन्या गडांचे तटही तिला मानवतात. माणसानें शत्रूला अडविण्यासाठीं बांधलेल्या भिंतींत घोरपडीला आयतें घर मिळालें!

आतां कोंडाण्याकडे वळूं. तो गड घेतला गेला 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीं. माघ वद्य नवमी, थंडीचे दिवस. घोरपड दिवसा हिंडणारी. माघांतल्या रात्रीं, समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांवर, ती आपल्या कपारींत गारठून पडलेली असणार. तिला बाहेर काढून कड्यावर चढविणें म्हणजे झोंपलेल्या बैलाला शर्यतींत जुंपण्यासारखें आहे. शिवाय पूर्ण वाढलेली घोरपड लांबीला दीड मीटरहून अधिक भरली तरी वजनानें थोडक्या किलोंचीच. सशस्त्र मावळ्याचा भार तिनें उघड्या कड्यावर पेलावा हें संभवत नाहीं. कपारींत फुगून बसणें वेगळें आणि माणूस लोंबकळत असतां पकड धरणें वेगळें. सभासदाच्या बखरींत घोरपडीचा उल्लेख नाहीं. तेथें मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. यशवंती अवतरते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांत. तानाजीच्या पराक्रमांतून घोरपड वगळली तर तो उणा होत नाहीं. अंधारांत केवळ हातापायांच्या बळावर चढलेल्या माणसांचें श्रेय त्यांचें त्यांनाच मिळतें.

हीच कथा याहून दोनशें वर्षें जुन्या काळाशीं जोडलेलीही सांपडते. बहामनी वजीर महमूद गावान यानें 1469 पासून कोंकणांत मोहीम चालविली आणि 1472 च्या आरंभीं गोवें घेतलें. त्या मोहिमेंत खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतांना कर्णसिंह व त्याचा पुत्र भीमसिंह यांनीं घोरपडीच्या साह्यानें तट चढला आणि त्यावरून मुधोळच्या घराण्यास ‘राजा घोरपडे बहादुर’ हा किताब मिळाला, अशी परंपरा आहे. या संबंधाचें फर्मान प्रसिद्ध झालें असलें तरी त्याच्या अस्सलपणाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढें कापशी, गुत्ती, सोंडूर येथें या आडनांवाचा विस्तार झाला. इचलकरंजीच्या जोशांनीं तर कृतज्ञतेपोटीं तें नांव स्वतः धारण केलें. आमच्या मतें मूळ नांव उपमेंतून आलें असावें: घोरपडीसारखा दगडाला चिकटणारा तो घोरपडा. कालांतरानें उपमेचा प्राणी झाला आणि त्याच्या कमरेला दोर आला.

संस्कृतांत हिला गोधा म्हणतात. धनुर्धराच्या हातावरील चामड्याच्या आवरणासही गोधा हेंच नांव आहे. तिचें कातडें किती चिवट हें प्राचीनांस ठाऊक होतें. शिल्पशास्त्रांत गौरी गोधासना सांगितली आहे. सोळाव्या शतकांत मुकुंदराम चक्रवर्ती यांनीं लिहिलेल्या बंगाली चंडीमंगलांत देवी व्याध काळकेतूस सोनेरी गोधेच्या रूपांत भेटते. ज्या प्राण्यावर देवी उभी राहते, त्याच्याशीं आपला व्यवहार मात्र चमत्कारिक आहे.

गोमंतकांत चतुर्थीच्या आरतीला घुमट हवाच. मातीच्या या वाद्याच्या रुंद तोंडावर पिढ्यान् पिढ्या घोरपडीचें कातडें ताणलें जात असे. नाद त्याचाच खरा, असें जुने वादक सांगत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घोरपडीचा समावेश आहे, त्यामुळें ती मारणें वा तिचें कातडें बाळगणें हा गुन्हा ठरतो. 2019 सालीं गोवा शासनानें घुमटाला वारसा-वाद्याचा मान दिला तो बकऱ्याचें कातडें स्वीकारल्यावरच. नादांत थोडा फरक पडतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण आरती थांबलेली नाहीं, आणि देवानें तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं.

याहून वाईट गोष्ट ‘हत्थाजोडी’ची. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तु दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून लक्ष्मीप्राप्तीसाठीं विकली जाते. शेंदूर लावून ती देव्हाऱ्यांत ठेवतात. प्रयोगशाळेंत तपासल्यावर ती मुळी नसून नर घोरपडीचें वाळविलेलें जननेंद्रिय असल्याचें सिद्ध झालें, आणि 2017 सालीं हा व्यापार जगापुढें आला. ज्या कपारींतून कितीही ओढून घोरपड निघत नाहीं, तेथें शिकारी धूर करतात किंवा बीळच खणून काढतात. कोणाच्या देव्हाऱ्यांत अशी मुळी असेल, तर ती हातांत घेऊन एकदां नीट पाहावी; नंतर ती वन खात्याच्या स्वाधीन करावी.