निकाल लागल्यावरही

जुलै २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मॉरवेल गावच्या कोर्टात एका खटल्याचा निकाल लागला. सासरच्या माणसांना जेवायला बोलावून विषारी मशरूम वाढल्याबद्दल ज्युरीने एका स्त्रीला दोषी ठरवलं. तीन माणसं दगावली होती, चौथा मरता मरता वाचला होता. हेलन गार्नर, क्लोई हूपर आणि सारा क्रास्नोस्टीन या तीन लेखिका त्या कोर्टात जात होत्या. त्यांच्या आपसातल्या बोलण्यातून घडलेलं 'द मशरूम टेप्स' त्याच वर्षाअखेरीस प्रसिद्ध झालं. तोवर रहस्य उरलेलं नव्हतं. तरीही असं पुस्तक यावं, ही ऑस्ट्रेलियन गुन्हेसाहित्याची जुनी रीत आहे. निकाल लागला, तरी तिथले लेखक कोर्टातून उठत नाहीत.

याचं मूळ वसाहतीच्याच जन्मात आहे. १७८८मध्ये सिडनीला पहिली जहाजं लागली, ती ब्रिटिश कोर्टांनी शिक्षा दिलेल्या माणसांना घेऊन. पुढच्या ८० वर्षांत १,६०,०००हून अधिक कैदी या भूमीवर उतरवले गेले. तिथली पहिली कादंबरीही कैद्यानेच लिहिली. हेन्री सॅव्हरी हा ब्रिस्टलचा व्यापारी. खोट्या हुंड्यांपायी त्याला फाशी सुनावली गेली आणि ती बदलून काळ्या पाण्याची सजा झाली. 'क्विंटस सर्व्हिंटन' ही त्याची कादंबरी १८३०-३१मध्ये होबार्टला लेखकाच्या नावाविना छापली गेली. तिचा नायक त्याच्यासारखाच सजा भोगणारा. सॅव्हरी पुढे पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडला आणि १८४२मध्ये पोर्ट आर्थरच्या बंदिवासात मेला. याच पोर्ट आर्थरचे फटके आणि बेड्या मार्कस क्लार्कने जुनी दप्तरं चाळून 'हिज नॅचरल लाइफ'मध्ये (१८७४) आणल्या. त्याचा नायक निर्दोष आहे. वाचक न्यायनिवाडा करतो तो शिक्षा देणाऱ्यांचा.

दरम्यान १८६५मध्ये मेलबर्नहून 'ऑस्ट्रेलियन जर्नल' निघू लागलं आणि त्यात एलेन डॅव्हिटची 'फोर्स अँड फ्रॉड' ही खुनाची कादंबरी क्रमशः आली. तिथेच मेरी फॉर्च्यूनने १८६८पासून ४० वर्षं 'डिटेक्टिव्हज अल्बम' हे सदर चालवलं. पाचशेहून अधिक कथा, आणि त्यांखाली खरं नाव नाही. सोन्याच्या खाणींच्या वस्त्यांत राहिलेली, काही काळ एका पोलिसाशी संसार केलेली ही बाई. तिचा मुलगा मात्र चोऱ्यांपायी तुरुंगात गेला. पोलीस आणि गुन्हेगार दोघेही तिच्या घरातलेच होते. ल्युसी ससेक्स या संशोधिकेने चिकाटीने तिचा माग काढला नसता, तर एवढं मोठं काम कोणाचं, हे जगाला कळलंच नसतं. फर्गस ह्यूमचं 'द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब' (१८८६) मात्र शेरलॉक होम्सच्या पहिल्या पुस्तकाच्या एक वर्ष आधी येऊन जगभर गाजलं.

कल्पित आणि खरं यांतली सीमा इथे किती पातळ आहे, हे आर्थर अपफील्डला फार भयंकर रीतीने कळलं. १९२९च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियात ससे अडवणाऱ्या कुंपणावर काम करताना तो नव्या कादंबरीसाठी प्रेत नाहीसं करण्याची युक्ती शोधत होता. तळावर त्याची चर्चा व्हायची. ऐकणाऱ्यांत स्नोई रोल्स नावाचा एक गुराखीही होता. पुढे त्या भागात तीन माणसं बेपत्ता झाली. एकाची लग्नाची अंगठी राखेत सापडली आणि रोल्स पकडला गेला. १९३२च्या खटल्यात अपफील्डला साक्षीला उभं राहावं लागलं. ती कादंबरी, 'द सँड्स ऑफ विंडी', तोवर बाजारात आली होती. रोल्सला फ्रीमँटलला फाशी झाली.

आणि कोर्टच चुकलं तर? ऑगस्ट १९८०मध्ये उलुरूजवळच्या तंबूतून अझारिया चेंबरलेन ही तान्ही मुलगी नाहीशी झाली. डिंगोने, तिथल्या रानकुत्र्याने, नेली, असं आई सांगत राहिली. १९८२मध्ये तिला जन्मठेप झाली. जॉन ब्रायसनने पुरावे एकेक करून तपासले आणि 'ईव्हिल एंजल्स' १९८५मध्ये प्रसिद्ध केलं. तेव्हा ती तुरुंगातच होती. १९८८मध्ये तिची शिक्षा रद्द झाली आणि २०१२मध्ये मृत्यूचं कारण डिंगो असं अधिकृतपणे नोंदलं गेलं. सत्यकथेने एवढं बळ दाखवल्यावर तिला करमणूक म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

ठरलेला निकालच चुकीचा असेल तर, हा प्रश्न आजच्या कादंबरीतही आहे. जेन हार्परच्या 'द ड्राय'मध्ये (२०१६) दुष्काळाने पोळलेल्या गावाने खुनी कोण हे केव्हाच ठरवून टाकलेलं असतं. तपास सुरू होतो तो या ठरलेल्या निकालाविरुद्ध. पीटर टेंपलच्या 'ट्रुथ'ला २०१०मध्ये माइल्स फ्रँकलिन पुरस्कार मिळाला, तेव्हा साहित्याच्या दरबारानेही ही वाट मान्य केली.

पण या वंशावळीत एक मोठी जागा रिकामी राहिली. १८३८मध्ये मायल क्रीक इथे किमान २८ आदिवासींची कत्तल झाली. पहिल्या ज्युरीने आरोपींना सोडलं. दुसऱ्या खटल्यानंतर सात जण फासावर गेले. अशा असंख्य हत्यांचा खटलाच कधी उभा राहिला नाही. अपफील्डचा डिटेक्टिव्ह बोनी आदिवासी आईचा मुलगा, पण त्याला घडवणारा लेखक इंग्लंडहून आलेला गोरा. २००८मध्ये हूपरने 'द टॉल मॅन'मधून पाम आयलंडच्या पोलीस कोठडीतला एका आदिवासी माणसाचा मृत्यू मांडला. आता दारुग वंशाच्या ज्युली जॅन्सनने 'मदुक्का द रिव्हर सर्पंट'मध्ये (२०२२) तपास एका आदिवासी स्त्रीच्याच हाती दिला आहे. या परंपरेत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वाट. ज्यांचे खटले कधी चाललेच नाहीत, त्यांची बाजू त्यांच्याच माणसांनी मांडावी, आणि वाचकाने ती शेवटपर्यंत ऐकावी.