दत्तपूरला हवा असलेला रेणू आणि डीएनए लायब्ररी

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं. तेव्हा कुष्ठरोगावर जगभर चालमोगऱ्याचं तेलच टोचत. गंमत बघा, खरं औषध तेव्हा २८ वर्षांचं झालं होतं! डॅप्सोन १९०८ मध्येच जर्मनीत फ्रोम आणि विटमान यांनी बनवलं होतं. पण ते जंतूंवर वापरून बघायचं कुणाला सुचलंच नाही. १९३७ मध्ये ते स्ट्रेप्टोकोकसवर तपासलं गेलं. १९४१ मध्ये त्याचाच भाऊबंद प्रोमिन अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णांना दिला. पुढे १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं आणि डॉ. वार्डेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण, उपचार या पद्धतीने डॅप्सोन वर्ध्याच्या गावागावांत नेलं.

म्हणजे रेणू होता, शोधायची सोय नव्हती. आज नेमकं उलटं झालंय.

१९९२ मध्ये ब्रेनर आणि लर्नर यांनी कल्पना मांडली: प्रत्येक रेणूला डीएनएची चिठ्ठी बांधायची. दर टप्प्याला १,००० तुकडे घेतले, तर तीन टप्प्यांत १०० कोटी रेणू होतात, तेही एका नळीत. रोगाच्या प्रथिनाला जे चिकटतील, त्यांच्या चिठ्ठ्या वाचायच्या.

अडचण चिठ्ठीचीच आहे. डीएनएला पाणी लागतं. तीव्र आम्लात त्याचे अ‍ॅडेनिन-ग्वानिन गळतात, कडक ऑक्सिडीकारकांनी ते खराब होतं. डॅप्सोनची पाठ्यपुस्तकातली रीत आठवा: डायक्रोमेटने ऑक्सिडेशन, मग आम्लात क्षपण. चिठ्ठी कुठली टिकणार! म्हणून या लायब्रऱ्यांत अमाइड बंधासारख्या मोजक्या सौम्य अभिक्रियाच पुन्हापुन्हा येतात. रेणू कोट्यवधी, पण बरेचसे एकाच घराण्यातले.

म्हणून नव्या अभिक्रियांची धडपड चालू आहे. कुणी प्रकाशाने अभिक्रिया घडवतं. २०१९ मध्ये स्क्रिप्स आणि फायझरच्या गटाने डीएनए एका घन आधारावर तात्पुरतं चिकटवलं, जवळपास पाण्याविना अभिक्रिया केली आणि मग ते सोडवून घेतलं.

याची निकड वर्ध्याला वेगळी सांगायला नको. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६४ मध्ये सिद्ध झाले, आणि १९८० च्या दशकात रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन जोडून बहुऔषधी उपचार देशात जिथे आधी आले, त्यांत वर्धा होतं. जंतू बदलतात, तेव्हा वेगळ्या घडणीचे रेणू लागतात. त्यामुळे ‘अब्जावधी रेणू तपासले’ अशी बातमी वाचलीत, की एवढंच विचारा: ते किती प्रकारच्या अभिक्रियांनी बनवले होते?