उडणे आणि उडायला शिकणे

एम. ए. च्या वर्गात संतचरित्रे शिकवताना तुकोबांच्या वैकुंठगमनाचा प्रसंग आला की विमानाचा विषय निघतोच. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणतो, "सर, राइट बंधूंच्या आधी आपल्या तळपद्यांनी मुंबईत विमान उडवले होते." वर्ग टाळ्या वाजवतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात शिकवणाऱ्या माणसाला त्या टाळ्यांमागची भूक कळते. म्हणूनच उत्तर देणे अवघड जाते.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर 'मरुत्सखा' उडवले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. तो दावा सिद्ध करणारा विश्वसनीय पुरावा मात्र उपलब्ध नाही. या संदर्भात ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्याची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली चिकित्सा केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

परंतु प्रश्न एवढ्यावर संपत नाही. 'पहिला कोण?' हा प्रश्नच मुळात अपुरा आहे, असे मला वाटते. त्याच १८९५ साली ऑटो लिलिएंथाल बर्लिनजवळ मुद्दाम रचलेल्या टेकडीवरून पंख बांधून झेपावत होता. १८९१ ते १८९६ या काळात त्याने सुमारे २,००० झेपा घेतल्या आणि अखेर अशाच एका झेपेत तो कोसळून मरण पावला. राइट बंधूंनीही १९०० ते १९०२ अशी तीन वर्षे बिनइंजिनाच्या ग्लायडरवर तोल साधण्यात घालवली. इंजिन आले ते १९०३ साली. म्हणजे उड्डाणाचा इतिहास हा शोधाइतकाच शिकण्याचाही इतिहास आहे. आपल्या आख्यायिकेत विमान आहे, शोधक आहे. शिकाऊ उमेदवार तेवढा नाही.

हौशी उड्डाणाचे एक अगदी साधे साधन, इंजिन जोडलेली हवाई छत्री म्हणजेच पॉवर्ड पॅराशूट, या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १७९७ साली गार्नरँ पॅरिसवर छत्रीने उतरला, तेव्हा त्याची टोपली भयंकर झोके खात होती, कारण छत्रीतली हवा निसटायला माथ्यावर छिद्र नव्हते. पुढे पतंग बनवणाऱ्या डॉमिना जॅल्बर्टने १९६४ साली कप्प्याकप्प्यांची छत्री योजली. समोरून वाहणारी हवा त्या कप्प्यांत शिरते आणि कापडाचाच पंख होतो. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत स्टीव्ह स्नायडर आदींनी त्याखाली चाकांची गाडी आणि इंजिन जोडले. हिचा वेग ताशी ४०-५० किलोमीटरच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. थ्रॉटल वाढवले की वेग नव्हे, उंची वाढते. नवख्याला हेच आधी पचवावे लागते. शिक्षणाचा मोठा भाग जमिनीवरच जातो: वारा ओळखणे, दोऱ्यांचा गुंता सोडवणे, डोक्यावरची छत्री सरळ उभी राहिली की नाही हे पाहणे आणि वारा बरा नसेल तर सारे गुंडाळून घरी परतणे. आपल्या वैशाखात तर सकाळ-संध्याकाळचाच थोडा वेळ हाती लागायचा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उसळणारी हवा इतक्या हलक्या साधनाला सोसत नाही.

आपल्याकडे शिकण्याची ही परंपरा नाही असे नाही. १९२८ साली जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना वैमानिक परवाना क्रमांक १ मिळाला. पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग शिकवले गेले, तर कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडिंग. पण या शिकाऊंवर कोणी आख्यायिका रचली नाही.

लोणारच्या काठावर उभे राहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर एका नजरेत मावत नाही. त्याचा गोल पुरता दिसायचा तर वरच जायला हवे. एखाद्या दिवशी आपल्या वर्गातली एखादी मुलगी रीतसर परवाना घेऊन तो पाहील, अशी माझी आशा आहे. तोवर मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच विचारतो, "तळपदे उडायला कुठे शिकले?" वर्ग गप्प होतो. त्या शांततेतच इतिहासाचा तास सुरू होतो.