बर्फावरील कन्या आणि त्यांचे चाहते

कोणत्याही खेळाच्या प्रेक्षकांत दोन वर्ग सहज पडतात. एक वर्ग निकालाच्या दिवशी येतो, विजेत्याचा जयजयकार करतो आणि घरी जातो. दुसरा वर्ग निकालाच्या कितीतरी वर्षे आधी येऊन बसलेला असतो. विजेत्याचे नाव जगाला ठाऊक होण्यापूर्वीच त्याला ते ठाऊक असते. आणि पराभवानंतर बाकीचे उठून गेले तरी तो जागचा हलत नाही. अमेरिकेत या दुसऱ्या वर्गाची जोपासना ज्या खेळाने विशेष केली, तो खेळ म्हणजे बर्फावरील फिगर स्केटिंग, आणि त्यातही तेथील तरुण मुलींचे स्केटिंग.

पोलादी पाती जडवलेले बूट घालून गुळगुळीत बर्फावर संगीताच्या तालावर वळणे, गिरक्या आणि उड्या घ्यावयाच्या, एवढेच या खेळाचे बाह्य स्वरूप. परंतु त्या अरुंद पात्याच्या तळाशी मधोमध एक पन्हळ असते, तीमुळे पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा येतात. खेळाडूचा तोल बहुतेक वेळ यांपैकी एकाच धारेवर पेललेला असतो. सामान्य प्रेक्षक उडीची उंची पाहतो. जाणता प्रेक्षक उडी कोणत्या धारेवरून उचलली गेली आणि कोणत्या धारेवर उतरली, हे पाहतो. ही नजर एका दिवसात येत नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात अशी आपली म्हण आहे. या चाहत्यांचा सारा व्यवहार त्या म्हणीवर चालतो. बालवर्गापासून वरिष्ठ वर्गापर्यंत पाच पायऱ्या असतात, आणि दहा-अकरा वर्षांची एखादी मुलगी खालच्या पायरीवर असतानाच हे लोक तिचे नाव टिपून ठेवतात. पुढील वर्षी ती पुन्हा दिसते ती काही मिनिटेच. तेवढ्यात ती चार बोटे उंच झालेली असते, काल साधलेली उडी आज साधत नसते, आणि चाहत्याला पुन्हा वर्षभर वाट पाहावी लागते.

या नादाला आरंभी एक मासिक कारण झाले. अमेरिकेतील स्केटिंगची मध्यवर्ती संस्था १९२१ साली स्थापन झाली आणि १९२३ साली ‘स्केटिंग’ नावाचे मासिक निघू लागले. त्याची धुरा वाहणारी थेरेसा वेल्ड ब्लँचर्ड ही स्वतःच पहिल्या पिढीची खेळाडू होती. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत तिने कांस्यपदक मिळवले. तेथे तिने एक उडी घेतली तेव्हा असले प्रकार स्त्रीजातीला शोभत नाहीत, अशी समज पंचांनी तिला दिल्याचे सांगतात. जिला उडी मारल्याबद्दल बोलणी खावी लागली, तिने पुढे चाळीस वर्षे इतर मुलींच्या उड्यांच्या हकिकती छापल्या! टेलिव्हिजनच्या आधीच्या काळात, रिंकपासून शेकडो मैल दूर असलेल्या वाचकाला कोण पुढे येत आहे आणि कोण मागे पडत आहे, हे या मासिकातूनच कळत असे.

त्या काळी जगाचे डोळे नॉर्वेच्या सोन्या हेनीकडे लागलेले होते. १९२७ ते १९३६ अशी ओळीने दहा वर्षे ती जगज्जेती होती. अमेरिकेची मेरिबेल विन्सन नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवूनही ऑलिंपिकमध्ये १९३२ च्या एका कांस्यपदकापलीकडे गेली नाही. पण इतिहासाचा हिशेब केवळ पदकांनी होत नसतो. हेनी हॉलिवूडला गेली आणि मोठी नटी झाली. विन्सनबाईंनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्रीडावृत्ते लिहिली, पुस्तके लिहिली आणि बॉस्टनच्या परिसरात मुलांना शिकवण्यास आरंभ केला. पुढचा सारा इतिहास या दुसऱ्या वाटेने आला आहे.

त्यांच्या शिष्यांतील टेन्ली ऑलब्राइट ही एका शस्त्रवैद्याची मुलगी. १९४६ साली, अकराव्या वर्षी, तिला पोलिओ झाला. त्यातून उठून ती पुन्हा बर्फावर उतरली आणि १९५३ साली जगज्जेतेपद मिळवणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. १९५६ च्या ऑलिंपिक सामन्यांस सुमारे दोन आठवडे उरले असता सरावात पडून डाव्या बुटाचे पाते तिच्या उजव्या घोट्यात खोल गेले. वडिलांनी येऊन जखम शिवली, आणि त्याच पायावर तिने कोर्तिना येथे सुवर्णपदक मिळवले. नंतर तीही वडिलांप्रमाणे शस्त्रवैद्य झाली. तिच्या मागोमाग कॅरोल हाइस आली. १९५६ साली आई कर्करोगाने वारल्यावर तिने धंदेवाईक खेळाची आमिषे बाजूस सारली आणि १९६० साली स्क्वॉ व्हॅली येथे सुवर्णपदक पटकावले. आता पुढची कोण, हा प्रश्न चाहत्यांना पडला नव्हता. उत्तर त्यांच्यासमोरच होते.

ते उत्तर म्हणजे विन्सनबाईंची धाकटी मुलगी लॉरेन्स ओवेन. स्क्वॉ व्हॅलीत ती सहावी आली होती. जानेवारी १९६१ मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने कोलोराडो स्प्रिंग्स येथे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. त्याच सामन्यांत थोरली मुलगी मेरिबेल हिने जोडीच्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. हे सामने टेलिव्हिजनवर दाखवले गेले, आणि ज्यांनी मासिकात केवळ नाव वाचले होते त्यांनी लॉरेन्सचे हसणे प्रथमच पाहिले. १३ फेब्रुवारीच्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचेच चित्र होते.

तो अंक विक्रीस असतानाच, १५ फेब्रुवारी १९६१ रोजी सकाळी, प्रागच्या जागतिक सामन्यांसाठी निघालेल्या अमेरिकन संघाचे विमान ब्रुसेल्सजवळ उतरता उतरता कोसळले. विमानातील ७२ जणांपैकी एकही वाचला नाही. शेतात काम करणारा एक मनुष्यही दगावला. संघातील अठराही खेळाडू गेले. त्यांचे शिक्षक गेले, पंच गेले, काहींचे आईबाप आणि भावंडे गेली. विन्सनबाई आणि त्यांच्या दोन्ही मुली त्या विमानात होत्या. प्रागचे सामने रद्द करण्यात आले.

या घटनेचे खरे स्वरूप मृतांच्या संख्येवरून कळत नाही. ज्या विद्येचे ग्रंथ थोडे आणि जी हाताला धरून, बर्फावर शेजारी उभे राहून द्यावयाची, त्या विद्येत गुरू आणि शिष्य एकाच सकाळी नाहीसे झाले तर उरते काय? गायनातील एखादे घराणे बुडावे तसाच हा प्रकार होता. ज्या चाहत्यांनी पाच-सात वर्षे या मुलांना वाढताना पाहिले होते, त्यांच्या टिपणवह्यांतील वरची सारी नावे एकदम पुसली गेली, आणि त्यांना खालच्या, अगदी लहान मुलांच्या नावांकडे वळावे लागले. तेथून पुढे अमेरिकन चाहत्याची नजर अधिकच लहान वयाकडे झुकली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मधली पोकळी भरून काढण्यास बार्बरा रोल्स ही लग्न होऊन मूल झालेली जुनी खेळाडू परत आली आणि १९६२ चे राष्ट्रीय पद तिने जिंकले. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या निधीतून उगवत्या खेळाडूंच्या शिक्षणास साहाय्य मिळू लागले. कॅलिफोर्नियात पेगी फ्लेमिंग नावाची बारा वर्षांची एक मुलगी होती. तिचे शिक्षक बिल किप त्याच विमानात गेले होते. वडील छापखान्यातील यंत्रावर काम करीत. आई तिचे पोशाख घरी शिवी. १९६४ साली, पंधराव्या वर्षी, ती राष्ट्रीय विजेती झाली, मात्र ऑलिंपिकमध्ये सहावी आली. चाहते थांबले. १९६६ ते १९६८ अशी तीन वर्षे तिने जगज्जेतेपद राखले, आणि ग्रनोबल येथे १९६८ साली आईने शिवलेल्या हिरवट-पिवळ्या पोशाखात सुवर्णपदक मिळवले. त्या हिवाळी सामन्यांत अमेरिकेला लाभलेले हे एकमेव सुवर्णपदक. रंगीत टेलिव्हिजन नुकताच घरोघर येऊ लागला होता, आणि तो रंग पुष्कळांच्या स्मरणात राहिला.

टेलिव्हिजनने चाहते वाढवले, तसा एक तंटाही उभा केला. त्या काळी निम्मे किंवा त्याहून अधिक गुण अनिवार्य आकृत्यांना असत. बर्फावर एका पायाने वर्तुळे आणि आठाचे आकडे कोरावयाचे, त्याच रेषेवरून पुन्हा जावयाचे, आणि पंचांनी ओणवे होऊन त्या रेषा तपासावयाच्या. हे काम तासन् तास चाले आणि ते पाहावयास फारसे कोणी येत नसे. १९७२ साली सापोरो येथे शिकागोच्या परिसरात शिकलेली जॅनेट लिन मुक्त नृत्यात पहिली आली. तेथे एका गिरकीच्या वेळी ती बर्फावर बसकण मारून पडली आणि हसत उठली. जपानी प्रेक्षकांनी त्या हसण्यावर इतका जीव लावला की तिच्या नावे पत्रांचा ओघ सुरू झाला. पण सुवर्णपदक गेले ते मुक्त नृत्यात सातव्या आलेल्या ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शूबाकडे, कारण आकृत्यांत तिचा हात धरणारे कोणी नव्हते. लिनला कांस्य मिळाले. शूबावर यात अन्याय करण्याचे कारण नाही. नियम तिने केले नव्हते, आणि तिच्या आकृत्या खरोखरच अपूर्व होत्या. परंतु घरी बसून पाहणाऱ्याला हा हिशेब काही केल्या समजेना. पुढील हंगामात एक लहान, ठरावीक अंगांचा कार्यक्रम सुरू करून आकृत्यांचे वजन घटवण्यात आले, आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या हद्दपार झाल्या. प्रेक्षकांच्या नजरेने एखाद्या खेळाचे व्याकरण बदलल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा.

१९७६ ची सुवर्णविजेती डॉरोथी हॅमिल हिचे आखूड केस पाहून देशभर मुलींनी तसेच केस कापून घेतले. ही झाली चाहत्यांच्या मायेची हौशी बाजू. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मेबेल फेअरबँक्स या कृष्णवर्णीय मुलीला क्लबांची दारे बंद होती, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेचा मार्गच तिला उपलब्ध नव्हता. जिला कोणी बर्फावर येऊच दिले नाही, तिचे चाहते होणार कोठून? ती प्रवासी खेळांतून नाचली, आणि पुढे कॅलिफोर्नियात अनेकांची शिक्षिका झाली. डेबी थॉमस १९८६ साली जगज्जेती होणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, तोवर अर्धे शतक लोटले होते. १९९२ ची सुवर्णविजेती क्रिस्टी यामागुची हिची आई, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना ज्या छावण्यांत कोंडले गेले, त्यांपैकी एकीत जन्मली होती.

१९९४ साली डेट्रॉइट येथे नॅन्सी केरिगनच्या गुडघ्यावर प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग हिच्या गोटातील माणसांनी हल्ला करवला. त्या प्रकरणाने जेवढे प्रेक्षक गोळा केले तेवढे कोणत्याही उडीने केले नाहीत. पण ते चाहते नव्हते, बघे होते. आणि बघ्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

खरा चाहता त्या वर्षी तेरा वर्षांच्या मिशेल क्वानकडे पाहत होता. तिचे शिक्षक फ्रँक कॅरल हे स्वतः विन्सनबाईंचे शिष्य. १९६१ साली तुटलेला धागा असा कोठून कोठे जाऊन पोहोचला पाहा! क्वानने नऊ राष्ट्रीय आणि पाच जागतिक अजिंक्यपदे मिळवली. ऑलिंपिक सुवर्ण मात्र मिळाले नाही. १९९८ साली नागानो येथे पंधरा वर्षांची टॅरा लिपिन्स्की आणि २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे सोळा वर्षांची सॅरा ह्यूज पुढे गेली. तरी चाहत्यांनी क्वानला सोडले नाही. जिंकणारीपेक्षा दहा वर्षे डोळ्यांसमोर वाढलेली मुलगी त्यांना जवळची वाटली, यात नवल ते काय?

मात्र या मायेचे ओझे कोवळ्या खांद्यांवर पडते. मुलीचे अंग वाढते, तोल बदलतो, सांधे दुखावतात. लिपिन्स्कीच्या खुब्यावर अठराव्या वर्षीच शस्त्रक्रिया करावी लागली. २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ या चारही ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्पर्धेत अमेरिकन स्त्रीला पदक मिळाले नाही, आणि त्या दुष्काळात प्रत्येक नव्या मुलीकडे तारणहार म्हणून पाहिले गेले. २०१९ साली तेरा वर्षांची अलिसा ल्यू राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा विजेत्याच्या उंच चौथऱ्यावर चढण्यास तिला शेजारच्या दोघींनी हात दिला. तीनच वर्षांनी, जागतिक कांस्यपदक मिळवल्यावर, सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडून दिला. चाहते हळहळले, पण ती शिकू लागली, हिंडली, मित्रमंडळींत रमली. २०२४ साली ती परत येणार असे कळले, ते कोणाच्या आग्रहाने नव्हे. संगीत कोणते, पोशाख कसा, सराव किती, हे यापुढे आपण ठरवणार, असे तिने सांगितले होते.

जानेवारी २०२५ मध्ये विचिटा येथे राष्ट्रीय सामने झाले. त्यांच्या पाठोपाठ होनहार लहान मुलांसाठी तेथेच शिबिर भरले. त्या शिबिराहून परतणाऱ्यांचे विमान २९ जानेवारीला वॉशिंग्टनजवळ एका लष्करी हेलिकॉप्टरवर आदळून पोटोमॅक नदीत पडले. ६७ माणसे गेली. त्यांत स्केटिंगच्या कुटुंबातील २८ होती, मुले, त्यांचे आईबाप आणि शिक्षक. चाहत्यांच्या टिपणवह्यांत नुकतीच चढलेली नावे त्यांत होती. सहा जण बॉस्टनच्या क्लबशी निगडित होते, ज्या क्लबच्या बर्फावर विन्सनबाई शिकवीत असत. दुसऱ्या दिवशी त्या क्लबात जमलेल्या मंडळींत नॅन्सी केरिगन होती, आणि एकोणनव्वद वर्षांच्या टेन्ली ऑलब्राइटही येऊन बसल्या होत्या.

दोन महिन्यांनी जागतिक सामने त्याच बॉस्टन शहरात भरले. आरंभी मृतांना श्रद्धांजली वाहण्यात आली. मुलींच्या स्पर्धेत अलिसा ल्यू पहिली आली. २००६ नंतर जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. चौथऱ्यावर या वेळी ती एकटीच चढली.