गिरणगावातील माता आणि ‘निवडी’चा प्रश्न

आईने अर्थार्जनासाठी घराबाहेर पडावे की घरी राहून मुलांचे संगोपन करावे, हा प्रश्न बहुधा स्त्रीच्या वैयक्तिक पसंतीचा म्हणून चर्चिला जातो. या मांडणीत दोन गोष्टी गृहीत असतात : दोन्ही मार्ग तिच्यापुढे खरोखर खुले आहेत, आणि त्यांपैकी एक पत्करण्याचा अधिकार तिच्याच हाती आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांतील स्त्रियांचा इतिहास ही दोन्ही गृहीते तपासून पाहण्यास विशेष उपयुक्त आहे. तेथे स्त्रिया एकदा मोठ्या संख्येने कामावर होत्या आणि पुढे काही दशकांतच त्या गिरणीबाहेर गेल्या.

१९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणी-कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली, उक्त्या दराने काम करीत. घरचा स्वयंपाक उरकून थोडे उशिरा येण्याची मुभा या पद्धतीत मिळे. परंतु तेवढी मजुरीही कमी पडे. अशी स्त्री कामावर ‘स्वेच्छेने’ येई असे म्हणावयाचे, तर पतीच्या एकट्याच्या वेतनात कुटुंबाचा निर्वाह होत असे हे आधी दाखवावे लागेल. आणि विधवांच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

मूल मागे ठेवून जाणाऱ्या आईजवळ कोणते उपाय होते, याची साक्ष एका शब्दात उरली आहे. तो शब्द म्हणजे ‘बाळगोळी’. मूल दिवसभर निजून राहावे म्हणून दिली जाणारी ही गोळी अफूची असे. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबई सरकारच्या वतीने स्त्री-कामगारांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना ही चाल सर्रास आढळली. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची मुंबईत, असे घडत असल्यामुळे हा आकडा फुगलेला आहे, हे खरे. तथापि ही सवलत देऊनही उरणारे प्रमाण भयावहच ठरते. गोळी देणाऱ्या मातेला अज्ञानी ठरविणे समकालीन निरीक्षकांना सोपे गेले. पाळण्याजवळ बसण्यास दुसरे कोण होते, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९१९ साली वॉशिंग्टन येथे प्रसूतिसंरक्षणाचा करार संमत केला. त्यानंतर ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात या विषयावर विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई प्रांतात मात्र १९२९ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला आणि हिंदुस्थानात तो पहिलाच ठरला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक मूलगामी मुद्दा मांडला होता. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून मालकाची जबाबदारी मान्य केली तरी या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

कायद्याने हा भार मालकावर टाकला. त्यामुळे स्त्री-कामगार पुरुषापेक्षा महाग ठरली, आणि गरोदर स्त्रीस वेळीच कामावरून दूर करणे काही मालकांना फायद्याचे वाटू लागले. तथापि स्त्रियांच्या पीछेहाटीचे खापर या कायद्यावरच फोडणे युक्त होणार नाही. मंदीच्या काळातील सुसूत्रीकरण आणि नवी वाइंडिंग यंत्रे यांनी नेमकी स्त्रियांचीच खाती आकुंचित केली; पाळ्या वाढल्या तेव्हा रात्रपाळीची बंदी त्यांच्या आड आली. शिवाय पुरुषाच्या वेतनात कुटुंब पोसले जावे ही कामगार चळवळीची न्याय्य मागणी स्त्रीच्या नोकरीचे समर्थन दुबळे करून गेली. बायको घरी असणे ही प्रतिष्ठेची खूण ठरू लागली होती, आणि काही स्त्रियांनी गिरणी सोडताना सुटकेचा निःश्वास टाकलाही असेल. परंतु थकवा ही निवड नव्हे. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने प्रसूतिलाभाचा खर्च वर्गणीच्या सामाईक निधीवर टाकला, तोपर्यंत ही घसरण बरीच पुढे गेली होती. १९६० च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली आले.

मग या स्त्रिया ‘घरी बसल्या’ काय? गिरणगावातील अनेक घरी चुलीवर खाणावळ चाले. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांचे जेवण तेथे शिजे आणि पगाराच्या दिवशी हिशेब होई. या श्रमाला संघटित रूप मिळण्यास १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. तोवर ही स्त्री गिरणीच्या हजेरीपटावर नव्हती, म्हणून ती कामावर नाही असेच धरले जाई.

मराठीत ‘घरी बसणे’ हा प्रयोग नोकरी नसलेल्या पुरुषाला आणि गृहिणीला सारखाच लागू होतो; आणि ‘घरी बसवणे’ याचा अर्थ कामावरून काढणे असाही आहे. गिरणगावाच्या इतिहासात ‘ती घरी बसली’ अशी जी विधाने आढळतात, त्यांतील क्रियापद पुराव्याच्या आधारे अनेकदा प्रयोजक करावे लागते : तिला घरी बसवले गेले. तसेच ‘ती कामावर गेली’ या विधानामागे ‘तिला जावे लागले’ हे विधान दडलेले असते. निवडीची भाषा कर्ता म्हणून मातेलाच पुढे करते आणि मजुरीचा दर, यंत्र, पाळी, कायदा व पाळणाघराचा अभाव या खऱ्या कर्त्यांना वाक्याबाहेर ठेवते. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची सवेतन रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर यांची तरतूद झाली. परंतु विमा योजनेच्या कक्षेबाहेरील स्त्रियांच्या रजेचा खर्च त्या दुरुस्तीतही मालकाकडेच राहिला. १९२८ साली उपस्थित झालेला प्रश्न त्यामुळे निकालात निघाला नाही. हा खर्च कोणी सोसावयाचा हे ठरल्याखेरीज मातेने काय निवडले, हे विचारण्यास फारसा अर्थ उरत नाही.