लोकप्रतिनिधींची वैयक्तिक माहिती

आमदार, खासदार व त्यांच्या कुटुंबीयांचा पत्ता, दूरध्वनी, मालमत्ता इ. तपशील किती जाहीर व्हावा आणि सुरक्षिततेसाठी किती राखावा, यासंबंधीची व्यवस्था. भारतात या वादाच्या दोन्ही बाजूंचा बंगळुरूशी संबंध आहे. उमेदवारांची माहिती मतदाराला मिळावी म्हणून 1999 मध्ये न्यायालयात गेलेल्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सचे एक संस्थापक त्रिलोचन शास्त्री पुढे तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक झाले. खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणारा 24 ऑगस्ट 2017 चा निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते न्या. के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 व 2003 च्या निकालांनंतर उमेदवाराला शपथपत्र सक्तीचे झाले. ‘नमुना 26’ मध्ये पत्ता, दूरध्वनी, पॅन, जमिनीचे सर्व्हे क्रमांक, शिवाय पती वा पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ताही लिहावी लागते. निवडणूक आयोग ते संकेतस्थळावर टाकतो. उमेदवाराने आयुष्य उघडे करावे असा याचा अर्थ नव्हे. मतदाराच्या दृष्टीने गौण असलेल्या बाबींत त्यालाही खासगीपणा आहे, असे न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये कारिखो क्री प्रकरणात म्हटले.

सुरक्षिततेची काळजीही निराधार नाही. बंगळुरूत 11 ऑगस्ट 2020 च्या रात्री पुलकेशीनगरचे आमदार आर. अखंड श्रीनिवास मूर्ती यांचे घर जमावाने जाळले. निमित्त होते नातेवाइकाच्या समाजमाध्यमावरील मजकुराचे. ऑक्टोबर 2023 मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांच्या घराला आग लावली गेली. ही घरे शोधायला शपथपत्राची गरज नव्हती. कामे घेऊन माणसे रोज ज्या दारात जातात, ते दार लपत नाही. अमेरिकेतील मिनेसोटात जून 2025 मध्ये लोकप्रतिनिधी मेलिसा हॉर्टमन व त्यांचे पती यांची राहत्या घरी हत्या झाली, तेव्हा मात्र आरोपीच्या वहीत पत्ते शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची यादी सापडल्याचे तपासयंत्रणांनी सांगितले.

त्यामुळे भारतात खरा प्रश्न आमदाराच्या पत्त्यापेक्षा कुटुंबीयांच्या तपशिलांचा आहे. संपत्तीचा आकडा मतदाराला हवाच; अवलंबितांचा पॅन त्याच्या काय कामाचा? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 येथे उपयोगी पडत नाही. कायद्याने जाहीर करावी लागलेली माहिती त्याच्या कलम 3 ने संरक्षणाबाहेर ठेवली आहे.