वापरलेली माती

महाडच्या बाजारात भंगाराचं एक दुकान आहे. 2021च्या दिवाळीच्या सुमारास तिथे फ्रिज, गोदरेजची कपाटं आणि शिलाई मशीनचे पाय असा ढीग लागला होता. 22 जुलैचा पूर येऊन तीन-साडेतीन महिने झाले होते, आणि गावाने आपली आतडी बाहेर काढून रस्त्यावर ठेवावीत तसा तो ढीग दिसत होता. त्यात खाली, तीन पायांवर तिरकी उभी, एक कोळशाची शेगडी होती. जाड पत्र्याची, बादलीच्या आकाराची, दोन्ही बाजूंना कड्या, खाली राख ओढायला चौकोनी तोंड. जाळी नव्हतीच. भंगारवाल्याने वजन केलं, आतली माती वजा धरली आणि दीडशे रुपये सांगितले. मातीला त्याच्या लेखी किंमत नव्हती. मला मात्र ती मातीच हवी होती.

कारण त्या मातीत पूर लिहिलेला होता. शेगडीच्या आतलं लिंपण निखाऱ्यांकडच्या बाजूला लाल, खणखणीत, नखाने न खरवडणारं होतं. त्याच्या मागे, पत्र्याला लागून जी माती असायला हवी होती, ती पुराच्या पाण्याने विरघळून गेली होती. उरलं होतं एक पोकळ, इंचभर जाडीचं लाल कवच, अंड्याच्या टरफलासारखं. याचं कारण साधं आहे. चिकणमाती सुमारे 500-600 अंशांच्या वर तापली की तिच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा चिखल होत नाही. शेगडीत निखाऱ्याला भिडलेली माती या टप्प्याच्या पलीकडे जाते, पण दोन इंच मागे उष्णता पोचेपर्यंत तिचा जोर संपलेला असतो. म्हणजे आयुष्यभर आगीशेजारी राहूनही अर्धी माती कच्चीच राहिली होती, आणि कोणाला पत्ता नव्हता. पाण्याने दाखवलं.

अमेरिकेत हल्ली अशा जुन्या मातीच्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा मोठाच छंद आहे. तिथे त्यांना ‘कामादो’ म्हणतात. शब्द जपानी, अर्थ आपल्या ‘चूल’सारखाच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी भात शिजवायची झाकणवाली मातीची भट्टी घरी नेली आणि तिच्यात मांस भाजायला सुरुवात केली. 1974 साली अटलांटात एड फिशर या गृहस्थाने ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी काढली. सुरुवातीच्या मातीच्या भट्ट्या तापून-थंडावून तडकत, म्हणून पुढे पक्क्या सिरॅमिकच्या आल्या. नवी मोठी घ्यायची तर हजार डॉलरच्या पुढे जाते, त्यामुळे लोक वापरलेली शोधतात: झाकणाच्या कडेची जळालेली नमद्याची पट्टी बदलायची, तडकलेलं आतलं भांडं बदलायचं, गंजलेली जाळी घासायची. झाकण लावलेल्या मातीत अन्न स्वतःच्याच वाफेत शिजतं, याचं तिकडे भारी कौतुक. आमच्या रायगड जिल्ह्यात थंडीत भांबुर्ड्याचा पाला भरलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा घालून, मडकं उपडं करून, भोवती पेंढा पेटवतात, त्या पोपटीचं तत्त्व फार वेगळं नाही. फरक एवढाच की पोपटीच्या मडक्याला कोणी हजार डॉलर देणार नाही.

कोणी दहा रुपयेसुद्धा देणार नाही, कारण ते वापरलेलं आहे. इथे मी अडखळले. वापरलेलं पितळ आपण विकत घेतो, जुनं तांबं घेतो, आजीच्या लोखंडी तव्यासाठी भावंडं भांडतात. दुसऱ्याने वापरलेलं मातीचं भांडं विकत घेतलेलं मला तरी आठवत नाही. स्वच्छतेचं कारण सांगता येईल: कच्चं भाजलेलं मडकं सच्छिद्र असतं, त्यात तेल-वास मुरतो. पण हे कारण अपुरं आहे. धातूचं भांडं घासून शुद्ध होतं आणि मातीचं विटाळलं की फोडायचं, हा नियम साबणाच्या नव्हे, जातीच्या हिशेबातला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भांड्यांच्या शुद्धीची चर्चा आहे. मातीचं भांडं पुन्हा भाजलं की शुद्ध होतं अशी सवलत तिथे आहे, पण मद्य, मूत्र, थुंकी, रक्त असलं काही लागलं असेल तर पुन्हा भाजूनही नाही. मातीत जे मुरतं ते जात नाही, असा एकूण विश्वास.

महाडमध्ये बसून हे लिहिताना चवदार तळ्याचा विषय टाळणं शक्य नाही. बोले ठरावाला धरून महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केलं होतं, कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं. 108 मातीच्या घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात सोडलं. माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी गाईच्या शेणाने शुद्ध झालं. त्याच वर्षी 25 डिसेंबरला याच गावात मनुस्मृती जाळली गेली. पुस्तकाच्या बाबतीत ‘पुन्हा भाजण्या’चा प्रयोग एवढ्या शब्दशः आणखी कुठे झाला असेल असं वाटत नाही. त्या 108 घागरींचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला लहानपणापासून पडतो. कोणी घरी नेल्या असतील का?

शेगडी या नियमातून निसटते. बाहेरून ती पत्र्याची, म्हणून मोडीत विकली जाते. आतून मातीची, पण आगीत असते, म्हणून विटाळ धरत नाही. मुंबईच्या चाळींमध्ये ती एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जात असे. 1955मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस आला तरी तो सर्वांच्या स्वयंपाकघरात पोचायला बरीच दशकं गेली. तोवर गल्लीगल्लीत कोळशाची वखार होती आणि पहाटे गॅलरीत शेगड्यांचा धूर. महाड-पोलादपूरचे चाकरमानी गणपतीला गावी येत, तेव्हा गावी चूल आणि मुंबईला शेगडी असा हा दुहेरी संसार होता. माझी शेगडी अशाच कुणाची तरी परत आलेली असावी. तिच्या कडीला तांब्याच्या तारेची गाठ मारलेली आहे, सुबक, तीन वेढ्यांची.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न फसला, तो माझ्या हौसेमुळे. पुराने घराघरांत गाळ आणून टाकला होता. आमच्या पडवीतून तो फावड्याने ओढताना आठवडा गेला होता. त्याच गाळाने शेगडी लिंपावी, असं मला वाटलं. दिसायला अर्थपूर्ण. आठ दिवसांत लिंपण भेगाळलं आणि पहिल्याच निखाऱ्यांवर पोपडे सुटले. कुंभारवाड्यातल्या एका आजींना नेऊन दाखवलं. त्यांनी पोपडा बोटांत चुरडला. “ही माती नाय बाय, ही नुसती रेव. हिला चिकटायचं ठावंच नाय.” मग त्यांनी सांगितलं तसं केलं. वारुळाची माती चाळून तीन भाग. जुन्या मंगलोरी कौलांचा कुटून चुरा एक भाग. भाताचा तूस एक भाग. मूठभर शेण. पायाने तुडवून ओल्या गोणपाटाखाली आठ दिवस कुजत ठेवायची.

प्रत्येक गोष्टीला कारण आहे. वारुळाची माती वाळवीने इतकी बारीक मळलेली असते की खडा सापडत नाही. कौल एकदा भाजलेलं असल्यामुळे पुन्हा आकसत नाही, म्हणून बाकीच्या मातीला भेगा पडू देत नाही. (ही कौलं म्हणजे 1865 साली मंगळुरात बासेल मिशनने कारखाना काढला त्याची संतती, पुराने पडलेल्या घरांच्या कौलांचे ढीग इथे अजून होते, चुऱ्याला तोटा नव्हता.) तूस आगीत जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्या उष्णता अडवतात. अमेरिकेतल्या सिरॅमिकच्या कारखान्यात हेच हिशेब तोलून-मापून करतात. आजींनी डोळ्यांनी केले. दोन थर, मधे एक दिवसाची उसंत, मग पंधरा दिवस सावलीत. उन्हात ठेवायची नाही. पहिली आग गोवरीच्या तुकड्यांची, तासभर, पुढच्या दिवशी थोडी जास्त. जाळी मी फॅब्रिकेशनवाल्याकडून 10 मिलिमीटरच्या सळ्यांची करून घेतली.

राहिला कोळसा. आणि शेगडीचा खरा इतिहास तिच्यात नाही, कोळशात आहे, हे मला इतक्या उशिरा कळलं याची लाज वाटते.

या डोंगरांतून लोखंड, जहाजं आणि मुंबई या तिघांनीही लाकूड ओढलं. आंबेनळीचा घाट चढून गेलं की महाबळेश्वरच्या पठारावर धावड लोक कोळशाच्या भट्टीत लोखंड वितळवीत. वनखात्याने जंगलं राखीव केली, कोळसा महागला, आणि तो धंदा एकोणिसाव्या शतकातच विझला. खाली कातकऱ्यांचंही तसंच झालं. त्यांचं नावच कातावरून आलेलं. खैराचा कात काढणं हे त्यांचं काम. 1878च्या वन कायद्यानंतर खैर तोडणं गुन्हा होत गेला. मग त्याच जंगलात ठेकेदाराचे मजूर म्हणून ते कोळशाच्या भट्ट्या लावू लागले. सावित्रीतून गलबतं, पुढे रस्त्याने लाऱ्या; मुंबईच्या वखारी भरत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारीसुद्धा कोळशाच्या गॅसवर चालल्या. तो कोळसाही कुणीतरी भाजलेलाच होता.

पोलादपूरच्या वाटेवरच्या एका वाडीत एक म्हातारे भेटले. लहानपणापासून भट्टीवर गेलेले. मी त्यांना आबा म्हणाले आणि भट्टी कशी लावतात ते विचारलं. लाकडं रचायची, वर पाला, त्यावर माती, मधून आग. धूर आधी पांढरा येतो, मग निळसर, पातळ. निळा झाला की सगळी भोकं लिंपायची आणि थंड व्हायची वाट बघायची. चार-पाच किलो लाकडाला एक किलो कोळसा पडतो. रात्री कोणीतरी जागं राहावं लागतं, कारण वरची माती कुठे खचली तर हवा शिरते आणि सकाळपर्यंत सगळ्याची राख. “आन मंग?” मी विचारलं. “मंग काय, ती राख आमच्या खात्यावर.” पावसाळ्यात ठेकेदाराची उचल घ्यायची, दिवाळीनंतर पोरांबाळांसकट बाहेर पडायचं, जूनमध्ये परत येताना हिशेबात देणंच निघायचं. वेठबिगारी 1976 साली कायद्याने बंद झाली. उचल बंद झाली नाही. इथलं जंगल संपलं तसे लोक घाटावर, कर्नाटकात बाभळीचा कोळसा पाडायला जाऊ लागले.

मी बाजारातून कोळशाचं पोतं आणलं होतं, हॉटेलांच्या तंदूरला जातो तो. त्यातला एक तुकडा मी आबांना दाखवला. त्यांनी तो दुसऱ्या तुकड्यावर वाजवला. काचेसारखा आवाज आला. “चांगला भाजलाय,” ते म्हणाले. “बाभूळ हाय. कोन जागलं आसंल बरं?” वाडीतल्या निम्म्या घरांना त्या दिवशी कुलपं होती.

शेगडी आता पडवीत आहे. तिसऱ्या आगीनंतर लिंपणाचा आतला भाग लाल व्हायला लागला. मागची माती अर्थातच कच्ची आहे, ती तशीच राहणार. पावसाळा लागला की आम्ही शेगडी माळ्यावर ठेवतो. आजींनी बजावलेलं आहे, आणि पाणी किती वर चढतं त्याची रेघ भिंतीवर अजून दिसते.